बाजारात तुरी

मागच्या महिन्यात चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीला साताऱ्याला गेले होते. पहिली पंगत उठली होती, दुसरी बसायची होती, आणि मधल्या वेळात सगळ्या बायका पंख्याखाली सतरंजीवर टेकल्या होत्या. तिथे मोठ्या आत्याने मला गाठलं.

"अगं, तू त्या कंपनीत नक्की करतेस काय?"

"गाडीत स्पीड दाखवणारा डॅशबोर्ड असतो ना आत्या, त्याच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिते."

"म्हणजे गाडी समोर असते होय?"

"नाही, गाडी अजून तयार झालेली नसते."

"मग तो डॅशबोर्ड तरी?"

"तोही नसतो. कधीकधी तर त्याच्यातली चिपसुद्धा अजून बनलेली नसते."

आत्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि मग आईकडे वळून म्हणाली, "वहिनी, हे तर बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. तेवढ्यात पानं मांडली गेली आणि माझं उत्तर राहून गेलं. पण परतताना गाडीत विचार करत होते, की आत्याने दोन वाक्यांत जे पकडलं ते आमच्या धंद्यातल्या लोकांना कळायला बराच काळ लागला. तुरी बाजारात असतानाच वरण करायची ही विद्या नवीन नाही. तिला चांगला पन्नास वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि तो मला आवडतो. तर आत्या, ही पोस्ट तुझ्यासाठी. (बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.)

आधी अडचण काय ते सांगते. वॉशिंग मशीन असो, गाडी असो की रॉकेट असो, त्याच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्याचं सॉफ्टवेअर त्याच यंत्रासाठी लिहिलेलं असतं. आता चिप बनवणारे वेगळे, ती ज्या बोर्डावर बसते तो बनवणारे वेगळे, आणि सॉफ्टवेअर लिहिणारे आम्ही तिसरेच. बोर्ड हातात यायला महिने जातात, चिपच नवीन असेल तर वर्ष-दोन वर्षंसुद्धा. तोवर आम्ही काय माशा मारायच्या? म्हणून मग हाताशी असलेल्या मोठ्या कॉम्प्युटरवर, न आलेल्या कॉम्प्युटरचं सोंग उभं करायचं. म्हणजे एक असा प्रोग्रॅम लिहायचा, जो त्या चिपची एकेक आज्ञा वाचतो, खऱ्या चिपने काय केलं असतं ते पुस्तकात बघून तसंच करतो, आणि पुढच्या आज्ञेकडे जातो. चिपच्या आतले कप्पे म्हणजे या प्रोग्रॅममधली नुसती नावं. मेमरी म्हणजे आकड्यांची एक लांब यादी. आपलं सॉफ्टवेअर त्यावर चालवलं की त्याला वाटतं, आपण खऱ्याच यंत्रात आहोत. ही भातुकलीच आहे आत्या. फक्त आम्ही ती पगार घेऊन खेळतो.

ही भातुकली कुणी पहिल्यांदा मांडली यावर वाद घालता येईल. कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या नौदलाच्या पदव्युत्तर कॉलेजात शिकवणारा गॅरी किल्डॉल १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इंटेलच्या चिमुकल्या चिपांचे सिम्युलेटर फोरट्रानमध्ये लिहून मोठ्या मशीनवर चालवत होता. त्याच्या आधीही मोठ्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या मोठ्या कॉम्प्युटरची सोंगं झाली होती. पण मला जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगाविशी वाटते ती १९७५ची आहे, आणि त्यातल्या माणसांची नावं आत्यालाही माहीत आहेत. निदान एकाचं तरी.

डिसेंबर १९७४. बॉस्टनला हनीवेलमध्ये नोकरी करणारा पॉल ॲलन हार्वर्ड चौकातल्या पेपरच्या स्टॉलवर 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'चा जानेवारीचा अंक बघतो. मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाच्या घरी जोडायच्या कॉम्प्युटरचं चित्र. किंमत चारशे डॉलरच्या आत. बनवणारी कंपनी मिट्स, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीची, मालक एड रॉबर्ट्स. ॲलन अंक घेऊन मित्राकडे धावतो. मित्र हार्वर्डला दुसऱ्या वर्षाला, नाव बिल गेट्स. दोघांचं ठरतं की या यंत्रासाठी बेसिक भाषा आपण लिहायची. आणि मग ते रॉबर्ट्सला कळवतात, की आमच्याकडे बेसिक तयार आहे.

तयार काही नव्हतं. एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती! आणि ज्या यंत्रासाठी ती लिहायची ते अल्टेअर दोघांपैकी एकानेही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यातली इंटेल ८०८० चिपसुद्धा त्यांच्याकडे नव्हती. रॉबर्ट्सला असे फोन बरेच येत होते. त्याचं सगळ्यांना एकच उत्तर होतं, चालणारं बेसिक घेऊन जो पहिला येईल त्याचं काम.

मात्र ॲलनला एक गोष्ट येत होती. आधी या दोघांनी रस्त्यावरच्या रहदारीचे आकडे मोजायचा 'ट्रॅफ-ओ-डेटा' नावाचा एक धंदा करून पाहिला होता. तो फारसा चालला नाही. पण त्यातल्या ८००८ चिपसाठी ॲलनने मोठ्या कॉम्प्युटरवर सिम्युलेटर लिहिला होता. फसलेल्या धंद्यातून उरलेली शिदोरी म्हणजे एवढीच. ८०८० ही त्याच चिपची धाकटी बहीण. ॲलनने ८०८०चं मॅन्युअल विकत आणलं आणि हार्वर्डच्या पीडीपी-१० वर तिचं सोंग उभं केलं. त्या सोंगावर गेट्सने बेसिक लिहायला घेतलं, आणि दशांश चिन्हाच्या गणिताचा भाग माँटी डेव्हिडॉफ नावाच्या तिसऱ्या एका विद्यार्थ्याने उचलला. टेलिटाइपवरून अक्षर आत कसं घ्यायचं हे मॅन्युअलमध्ये मिळण्यासारखं नव्हतं, ते मिट्सला फोन करून विचारावं लागलं. साधारण आठ आठवड्यांत काम झालं.

आता बघा, पीडीपी-१० म्हणजे ३६ बिटांचं धूड आणि ८०८० आठ बिटांची चिमणी. एकाने दुसऱ्याची नक्कल करायची तर आज्ञा न् आज्ञा पुस्तकावरून भाषांतर करून घ्यायची. म्हणजे प्रश्न असा उरतो, की पुस्तक वाचताना ॲलनची एकाच ठिकाणी चूक झाली असती तर? बेसिकही त्याच चुकीवर उभं आणि त्याला तपासणारं सोंगही त्याच चुकीवर उभं. दोघं एकमेकांशी अगदी गुण्यागोविंदाने नांदले असते. हार्वर्डमध्ये सगळं छान चाललं असतं आणि अल्बुकर्कीत टेलिटाइपने हूं की चूं केलं नसतं.

हे गेट्सला कळत होतं. ॲलन विमान पकडणार त्याच्या आदल्या रात्री, ॲलन झोपल्यावर, गेट्सने मॅन्युअल उघडून ॲलनने लिहिलेल्या सगळ्या आज्ञा पुन्हा एकेक करून ताडून पाहिल्या. ॲलनने २०११च्या आपल्या आत्मचरित्रात हे लिहिलंय. मला ही रात्र त्या सगळ्या गोष्टीतली सर्वात मोठी रात्र वाटते. गेट्सबद्दल माझं मत काही फार प्रेमाचं नाही (विंडोजवर ज्यांचे दिवस गेले त्यांना कारण विचारू नये), पण त्या रात्रीसाठी शंभर गुन्हे माफ.

पुढचा प्रसंग सिनेमासारखा आहे. विमान अल्बुकर्कीला उतरायला लागलं तेव्हा ॲलनच्या लक्षात आलं, की कागदी पट्टीवरचं बेसिक अल्टेअरच्या मेमरीत चढवायचा छोटासा प्रोग्रॅम लिहायचा राहूनच गेलाय. सोंगाला त्याची गरजच नव्हती! हार्वर्डला प्रोग्रॅम मेमरीत आपोआप असायचा, तो तिथे कसा पोचतो हे कुणी विचारलंच नव्हतं. त्याने वही काढली आणि खाली उतरता उतरता तो प्रोग्रॅम सरळ आकड्यांच्या भाषेत लिहिला. विमानतळावर रॉबर्ट्स जुन्या पिकअप ट्रकमधून न्यायला आला होता. ॲलनच्या खिशात हॉटेलपुरतेही पैसे नव्हते, ते रॉबर्ट्सने भागवले. दुसऱ्या दिवशी मिट्समध्ये ॲलनने अल्टेअरच्या पुढच्या खटक्यांवरून तो छोटा प्रोग्रॅम एकेक बाइट करून आत घातला, पट्टी लावली, आणि कित्येक मिनिटं ती खडखडत आत जाताना बघत उभा राहिला. टेलिटाइपने मेमरी किती आहे ते विचारलं. ॲलनने आकडा दिला. मग त्याने दोन अधिक दोन किती ते छापायला सांगितलं. टेलिटाइपने ४ छापलं.

रॉबर्ट्सला आपलं यंत्र काहीतरी उपयोगाचं करतंय हे बघून आश्चर्य वाटलं, आणि ॲलनला आपलं बेसिक पहिल्याच झटक्यात चाललं म्हणून. दोघांनी आपापलं आश्चर्य किती लपवलं कोण जाणे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट निघाली.

दहा वर्षांनी इंग्लंडात केंब्रिजला असंच काहीसं झालं, फक्त जास्त शहाणपणाने. एकॉर्न ही छोटी कंपनी. तिच्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बरनी स्वतःचा प्रोसेसर करायचा घाट घातला. चिप बनवायच्या आधी विल्सननी आज्ञांचं सोंग बीबीसी बेसिकमध्ये लिहून पाहिलं, आणि फर्बरचं संपूर्ण चिपचं मॉडेलही त्याच भाषेत, ८०८ ओळींचं. ८०८ ओळी! आमच्याकडे नुसत्या सेटिंगच्या फाइली त्याहून मोठ्या असतात. २६ एप्रिल १९८५ला पहिल्या चिपा आल्या आणि चालल्या. फर्बरने वीज किती खातेय ते मोजायला मीटर लावला तर काटा शून्यावर. नंतर कळलं की बोर्डावर विजेची जोडणीच झाली नव्हती, आणि चिप आजूबाजूच्या तारांमधून झिरपणाऱ्या विजेवर चालत होती. हे काही ८०८ ओळींत लिहिलेलं नव्हतं. त्याच एआरएम घराण्याच्या चिपा पुढे जगभरच्या मोबाइलमध्ये बसल्या.

तर इतपत कथा आत्याच्या भटाच्या बाजूने झाली. आता भटणीची बाजू.

४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कुरू. युरोपचं नवंकोरं एरियान-५ रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि इंजिनाची प्रज्वलन-साखळी सुरू झाल्यापासून चाळीसेक सेकंदांत आडवं होऊन फुटलं. वर चार उपग्रह होते, पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाचा अभ्यास करायला निघालेले, तेही गेले. चौकशी समिती बसली आणि १९ जुलैला तिचा अहवाल आला. मी तो पहिल्यांदा नोकरी लागल्यावर वाचला. त्यानंतर कितीदा वाचला असेन सांगता येत नाही. आमच्या धंद्यातला हा एक गरुडपुराणाचा अध्याय आहे.

रॉकेट कुठल्या दिशेला कलतंय ते सांगणारं एक उपकरण असतं. ते आणि त्यातलं सॉफ्टवेअर जुन्या एरियान-४ वरून उचललेलं होतं. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक आकडा ६४ बिटांच्या मापातून १६ बिटांच्या मापात ओतला जायचा. एरियान-४ सावकाश वळायचं, त्यामुळे आकडा कायम मापात बसायचा. एरियान-५ चा मार्ग वेगळा, आडवा वेग झपाट्याने वाढणारा. आकडा मापाबाहेर गेला, उपकरण बंद पडलं. त्याच्या जोडीला ठेवलेलं दुसरं उपकरण तर त्याच्या क्षणभर आधीच त्याच कारणाने बंद पडलं होतं, कारण दोघांत सॉफ्टवेअर तेच. बंद पडताना उपकरणाने चुकीच्या तपासासाठी म्हणून जे आकडे बाहेर टाकले, ते मुख्य कॉम्प्युटरने उड्डाणाची माहिती समजून वाचले आणि इंजिनांची तोंडं पार टोकापर्यंत वळवली. त्यावर कडी म्हणजे हा सगळा हिशेब ज्या कामासाठी चालला होता त्या कामाचा एरियान-५ ला जमीन सोडल्यावर काडीचाही उपयोग नव्हता.

आता या सगळ्याचा आपल्या भातुकलीशी संबंध काय? उड्डाणाआधी जमिनीवर सगळ्या यंत्रणेच्या चाचण्या झाल्या होत्या. उड्डाणाचा सगळा कार्यक्रम त्यांत चालवून बघितला होता. पण त्या चाचण्यांत हे दिशादर्शक उपकरण खरं नव्हतं. त्याच्या जागी, त्याने काय सांगितलं असतं ते सांगणारं सॉफ्टवेअर होतं. खरं उपकरण स्वतंत्रपणे तपासून पास झालेलंच आहे, मग ते पुन्हा कशाला, असा हिशेब. सोंगातलं उपकरण आदर्श होतं. ते दिशा अचूक सांगायचं आणि बंद कधीच पडायचं नाही, कारण बंद पडायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

अपघातानंतर मात्र त्यांनी जे केलं ते वाचून माझ्या पोटात दर वेळी खड्डा पडतो. त्यांनी त्या उपकरणाचं खरं सॉफ्टवेअर घेतलं, त्याला उड्डाणाच्या खऱ्या मार्गाचे आकडे दिले, आणि कॉम्प्युटरवर सिम्युलेशन चालवलं. सगळी घटना जशीच्या तशी पुन्हा घडली. सिम्युलेशन करून हे कळू शकत होतं तर! फक्त खेळण्यातल्या कढईऐवजी घरातली कढई चुलीवर ठेवायला हवी होती.

त्यानंतरचा इतिहास झटपट सांगते, कारण तो बराचसा धंद्याचा आहे. स्टॉकहोमच्या एका संशोधन संस्थेतून १९९८ साली व्हर्चुटेक नावाची कंपनी निघाली. तिचा सिमिक्स नावाचा सिम्युलेटर अख्खा कॉम्प्युटर उभा करायचा, इतका की त्यावर लिनक्स चालू होई. एएमडीने २०००मध्ये आपल्या येऊ घातलेल्या ६४ बिटांच्या चिपचं वर्णन जाहीर केलं, तेव्हा चिप नव्हती, पण सिम्युलेटर होता, आणि लिनक्सवाल्यांनी त्यावरच काम सुरू केलं. २००२मध्ये चिप दाखवली तेव्हा तिच्यावर ६४ बिटांचं लिनक्स चालत होतं. ती विकायला आली एप्रिल २००३ला. गूगलनेही नोव्हेंबर २००७मध्ये ॲन्ड्रॉइडसाठी प्रोग्रॅम लिहिण्याची सामग्री जगाला दिली, त्यात फोनचं सोंग होतं. पहिला खरा ॲन्ड्रॉइड फोन दुकानात आला ऑक्टोबर २००८मध्ये. जवळजवळ वर्षभर लोक न जन्मलेल्या फोनसाठी प्रोग्रॅम लिहीत होते. मी पण एक लिहिला होता. पंचांगाचा. तो राहू दे.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट, जी मी साताऱ्याला सतरंजीवर मुळीच सांगितली नसती.

२००७च्या सुमाराची गोष्ट. एका गाडीच्या डॅशबोर्डचं काम होतं. कुठली गाडी, कुठली कंपनी ते सोडून द्या. गाडी किती किलोमीटर चालली हा आकडा, किल्ली काढली की एका छोट्या मेमरी चिपमध्ये लिहून ठेवायचा असतो. वीज गेल्यावर काही क्षण बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये जीव असतो, तेवढ्यात ते उरकायचं. बोर्ड यायला चार महिने होते. त्या मेमरी चिपचं मॉडेल माझ्याकडे आलं, आणि तिच्याशी बोलणारा प्रोग्रॅमही माझ्याकडेच आला. मी दोन्ही लिहिलं. हजारो वेळा किल्ली काढली, लावली, काढली, लावली. सगळं कॉम्प्युटरवर. रात्रभर चाचण्या चालायच्या आणि सकाळी सगळं हिरवं.

बोर्ड आले एका शुक्रवारी. किल्ली काढली, लावली, आणि डॅशबोर्डवर किलोमीटर शून्य.

आधी वाटलं बोर्ड खराब आहे. दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळ्यांवर शून्य. सोमवारी गिऱ्हाइकाची माणसं येणार होती. त्या शनिवार-रविवारचं वर्णन करत नाही. रविवारी दुपारी हार्डवेअरच्या टीममधला एकजण माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि त्याने मेमरी चिपचं माहितीपत्रक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, मोठ्याने, शाळेत धडा वाचतात तसं. लिहिण्याच्या प्रत्येक खेपेला चिपला ५ मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात ती दुसरं काहीही ऐकत नाही, हे वाक्य आलं आणि मी त्याला थांबवलं.

ते वाक्य मी चार महिन्यांपूर्वी वाचलं होतं. मॉडेल लिहिताना 'हे नंतर घालू' म्हणून सोडून दिलं होतं, आणि मग विसरले. माझ्या मॉडेलमधली चिप लिही म्हटलं की त्याच क्षणी लिहून मोकळी व्हायची. म्हणून माझा प्रोग्रॅमही चार खेपा एकामागून एक, श्वास न घेता पाठवायचा. खऱ्या चिपने पहिली खेप घेतली आणि उरलेल्या तिन्ही ऐकल्याच नाहीत. अर्धा आकडा नवा, अर्धा जुना, ताळा जुळत नाही, म्हणून शून्य. भातुकलीत भात लगेच शिजतो, तसं झालं होतं.

दुरुस्ती तासाभराची होती. वेळेचा हिशेब केला तर कपॅसिटर पुरत होता, हे नशीब. तो नसता पुरला तर बोर्ड बदलावा लागला असता आणि मग या पोस्टचा सूर वेगळा असता. सोमवारी गिऱ्हाइकाच्या माणसांनी किल्ली काढली, लावली, चहा घेतला आणि गेले.

मॉडेलमध्येही मी ते ५ मिलिसेकंद घातले. त्यामुळे रात्रीच्या चाचण्या बऱ्याच लांबल्या, सकाळी ऑफिसात पोचलं तरी चालूच असायच्या. आठवड्याने साहेबांनी विचारलं, की हे एकदम इतकं हळू का झालं, आधीसारखं जलद करता येणार नाही का? मी नाही म्हटलं. आणि तेव्हापासून मॉडेल ज्याने लिहिलं त्याने त्यावरचा प्रोग्रॅम लिहायचा नाही, असं आमच्या टीमपुरतं ठरवून घेतलं. माणसं कमी पडतात तेव्हा ते मोडतं. मग आम्ही निदान माहितीपत्रक दुसऱ्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घेतो.